लाकडी घर आणि चिंध्यांची ऊब

वोझ ही फ्रान्सच्या पूर्वेची डोंगररांग. एका उतारावर आल्सास, दुसऱ्यावर लॉरेन. उंची फारशी नाही; ओनेक हे नावाजलेले शिखरही १३६३ मीटरचेच. पण पाऊस आणि बर्फ भरपूर, आणि डोंगर स्प्रूस-फरच्या झाडीने गच्च. हे लाकूड आणि ओढ्यांचे पाणी यांवर इथली वस्ती तगली. पाण्याच्या जोरावर करवती फिरल्या, सूतगिरण्या चालल्या, माग चालले. १८७१मध्ये फ्रान्स जर्मनीशी युद्ध हरला, आल्सास हातचा गेला, आणि तिकडचे अनेक गिरणीमालक आपला कारभार उचलून डोंगराच्या अलीकडे, फ्रेंच हद्दीत आले. जेरारमे या तळ्याकाठच्या गावाने लिननच्या चादरींसाठी आणि टेबलक्लॉथसाठी नाव कमावले. याच गावात १८७५मध्ये फिरायला येणाऱ्यांसाठी वाटा आखणारी एक समिती निघाली. फ्रान्समधल्या पर्यटन कार्यालयांची सुरुवात तिच्यापासून मानतात. लाकूड, कापड आणि सुटीची घरे इतक्या जवळ नांदताना क्वचितच दिसतात. म्हणून या पुस्तकातली बहुतेक उदाहरणे मी इथली घेतली आहेत.

इथल्या सुटीच्या घरांपैकी पुष्कळशी १९६० आणि ७०च्या दशकांतली. उभ्या वाशांची चौकट, बाहेरून फळ्या, आतून फळ्या, आणि मधल्या पोकळीत काहीच नाही. फार तर काचलोकरीचा पातळ थर, तोही आता घसरून खाली बसलेला. त्या काळी कोणी याहून जास्त मागत नव्हते. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले, त्यानंतर १९७४मध्ये फ्रान्समध्ये घरांच्या उष्णतेविषयीचा पहिला नियम आला. त्याआधीच्या घराला इन्सुलेशन हवेच असे कायदा म्हणत नव्हता आणि तेल स्वस्त असल्यामुळे खिसाही म्हणत नव्हता.

अशा घराचा जानेवारीतला शनिवार-रविवार आठवून पाहावा. शुक्रवारी रात्री कुलूप उघडले की आत जवळजवळ बाहेरइतकीच थंडी. शेगडी पेटवली की तिच्यासमोर गाल तापतात आणि पाठ गारठते. शनिवारी संध्याकाळी कुठे स्वेटर काढावासा वाटतो. रविवारी दुपारी घर खरोखर उबदार होते, आणि तेव्हा निघायची वेळ झालेली असते. दोन दिवस जाळलेली लाकडे आणि वीज गेली ती फळ्यांच्या फटींतून डोंगराला. वर्षातले मोजके दिवस वापरायच्या घरासाठी एवढे इंधन जाळणे मला पटत नाही. आणि त्याच घरासाठी भट्टीत नव्याने काच वितळवून केलेले, नाहीतर तेलापासून बनवलेले सामान आणून भिंती भरणेही तितकेसे पटत नाही. इथे चिंध्यांचा विचार सुरू होतो.

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, पा-द-काले जिल्ह्यात, एकेकाळी कोळशाच्या खाणी होत्या. त्या एकेक करून बंद पडत गेल्या; या खोऱ्यातली शेवटची खाण १९९०मध्ये बंद झाली. खाणी गेल्या आणि गावेच्या गावे बेकार झाली. त्याच भागातल्या ब्रुए इथे १९८४मध्ये ‘ल रले’ ही संस्था उभी राहिली. १९४९पासून बेघरांसाठी काम करणाऱ्या एमाउस चळवळीतून ती निघाली. काम साधे: लोकांनी टाकून दिलेले कपडे गोळा करायचे, निवडायचे, विकायचे, आणि ज्यांना कोणी कामावर घेत नाही त्यांना या कामावर घ्यायचे. रस्त्याच्या कडेला तिच्या पांढऱ्या पेट्या आज फ्रान्सभर दिसतात. कारभार कामगारांच्या सहकारी तत्त्वावर चालतो. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या मराठी वाचकाला हा सांगाडा वेगळा समजावून सांगावा लागू नये.

पेटीत आलेल्या कपड्यांचा सर्वांत मोठा वाटा पुन्हा अंगावर घालण्याजोगा असतो, आणि तो तसाच वापरात जायला हवा. चांगला शर्ट फाडून भिंतीत भरणे हा शर्टाचा अपमान आहे. प्रश्न उरतो तो फाटक्या, डागाळलेल्या, गुडघ्यावर विरलेल्या कपड्यांचा. त्यांना गिऱ्हाईक नाही. काहींची पुसणी होतात, बाकीचे जाळले जात होते. या उरल्यासुरल्यापासून ल रलेने ‘मेतीस’ नावाचे इन्सुलेशन काढले. त्यात साधारण ८५ टक्के जुन्या कपड्यांचे तंतू, बहुतेक सुती आणि त्यातही जीन्स बरीच, आणि १५ टक्के पॉलिएस्टर.

ते कसे होते हे सांगण्यासारखे आहे. आधी बटणे, चेन, रिव्हेट काढतात. मग कापडाचे तुकडे दातेरी रुळांमधून पुन्हा पुन्हा जातात आणि विणलेले कापड उलट्या वाटेने सुटत जाते. कापडाचे सूत, सुताचे तंतू. आपल्याकडचा पिंजारी कापसाशी जे करायचा तेच, फक्त इथे कापूस एकदा कातून, विणून, शिवून आणि वर्षानुवर्षे वापरून झालेला. या पिंजलेल्या तंतूंत पॉलिएस्टरचे खास तंतू मिसळतात. त्यांचे बाहेरचे आवरण आतल्या गाभ्यापेक्षा कमी तापमानाला वितळते. मिश्रणाचा थर भट्टीतून गेला की आवरण पाघळते, जिथे दोन तंतू एकमेकांना टेकतात तिथे चिकटते, आणि थंड झाल्यावर सगळी गादी अंग धरते. पाणी नको, गोंद नको.

हातात घेतल्यावर ही गादी लांबून राखाडी-निळी दिसते. जवळून पाहिले तर एकही जागा दुसरीसारखी नाही: जीन्सचा निळा गुंता, त्यात लाल स्वेटरचा ठिपका, मोरपंखी धाग्याचा आकडा, कुठे न पिंजला गेलेला नखाएवढा शिवणीचा तुकडा. काचलोकरीसारखी ती टोचत नाही. उघड्या हातांनी धरली तरी खाज सुटत नाही. धूळ मात्र उडते, तेव्हा तोंडाला मास्क हवाच. कापायला ती हट्टी. साध्या कटरने कापायला गेले की पाते तंतू ओढत नेते आणि कड वाकडीतिकडी होते. दोन फळ्यांच्या मध्ये घट्ट दाबून लांब दातेरी सुरीने किंवा करवतीने कापली तर कड सरळ येते. दोन वाशांमधल्या अंतरापेक्षा तुकडा एक-दोन सेंटीमीटर रुंद ठेवायचा, म्हणजे तो खिळ्याशिवाय नुसत्या दाबाने जागच्या जागी बसतो. कोपऱ्यात बोटभर फट राहिली तर मात्र तिथून गार हवा आत शिरते, आणि मग बाकीची भिंत कितीही नीट भरलेली असो.

चिंध्यांना पुन्हा सूत करण्याची कला नवी नाही. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, नव्या लोकरीत मिसळून कापड काढले. त्याला शॉडी म्हणतात. आज त्या धंद्याचे मोठे ठाणे हरयाणातले पानिपत आहे. जगभरातून आलेले जुने स्वेटर आणि कोट तिथे रंगांनुसार लावले जातात, पिंजले जातात, आणि पूर-भूकंपात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांचे सूत त्यांतून निघते. अमेरिकेत अॅरिझोनातली बाँडेड लॉजिक ही कंपनी जीन्सपासून घरांचे इन्सुलेशन करते. कॉटन इनकॉर्पोरेटेडने २००६पासून लोकांच्या जुन्या जीन्स त्यासाठी गोळा केल्या. आणि महाराष्ट्रात बोहारीण दारात बसून जरीची साडी आणि विटका शर्ट वेगवेगळे तोलत स्टीलच्या डब्याचा सौदा करते, तेव्हा ती निवडीचे तेच काम करत असते जे ल रलेच्या पट्ट्यावर उभी असलेली बाई करते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून जुने कापड इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक केले आहे. त्यामुळे चिंध्यांचे ढीग आता वाढणार आहेत, आणि त्यांचे करायचे काय हा प्रश्नही.

आता ऊब कुठून येते ते पाहू. गोधडी घ्या. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर टाकून उभे-आडवे धावदोरे घातले की थरांमध्ये हवा कोंडते, आणि टाके तिला हलू देत नाहीत. ऊब त्या न हलणाऱ्या हवेची. भिंतीतही हेच. स्थिर हवा उष्णता फार कमी वाहू देते. तिचा वाहकतेचा आकडा ०.०२५च्या आसपास. पण रिकाम्या पोकळीत हवा स्थिर राहत नाही. आतल्या उबदार फळीपाशी ती वर चढते, बाहेरच्या गार फळीपाशी खाली उतरते, आणि उष्णता टप्प्याटप्प्याने बाहेर नेऊन पोचवते. तंतू तिला हजारो कप्प्यांत अडवतात. मेतीसचा आकडा ०.०३९ आहे, काचलोकरीच्या पंगतीत बसणारा, किंचित मागे. स्प्रूसच्या लाकडाचा ०.१३च्या जवळपास, साध्या विटेचा ०.७ धरू. हिशोब केला तर साडेचौदा सेंटीमीटरच्या चौकटीत भरलेली ही गादी जवळजवळ अर्धा मीटर जाड भरीव लाकडाइतकी किंवा अडीच मीटर जाड विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवते.

हा हिशोब कागदावरचा. भिंतीत वासेही असतात, आणि वासा गादीच्या तिप्पट उष्णता वाहून नेतो. दर साठ सेंटीमीटरला एक वासा, वर-खाली आडव्या पट्ट्या, खिडकीभोवतीची चौकट असे धरले तर गादीच्या परिणामाचा पाचवा ते चौथा हिस्सा त्यांतच जातो. म्हणून वाशांवरून आडवा आणखी एक सलग थर देता आला तर तो जरूर द्यावा, चार सेंटीमीटरचा का असेना.

माझे सगळ्यात महत्त्वाचे सांगणे मात्र या आकड्यांविषयी नाही, ओलीविषयी आहे. लाकडी घराला थंडी मारत नाही, ओल मारते. वीस अंशांच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सतरा ग्रॅम पाण्याची वाफ मावते. शून्य अंशाला पाच ग्रॅमही मावत नाही. चार माणसे आली, स्वयंपाक झाला, आंघोळी झाल्या, बर्फात भिजलेले कपडे शेगडीजवळ वाळत पडले. ही सगळी वाफ बाहेरच्या कोरड्या हवेकडे जायला वाट शोधते, आणि ती वाट भिंतीतून जाते. खोलीत वीस अंश आणि आर्द्रता पन्नास टक्के असेल तर दवबिंदू नऊ अंशांच्या थोडा वर येतो. बाहेर उणे पाच असताना भिंतीच्या जाडीत कुठेतरी नऊ अंश असणारच. इन्सुलेशन नसलेल्या, फटी असलेल्या भिंतीतून उष्णताही गळत असते आणि तिच्यासोबत वाफही उडून जाते. फळ्या कशाबशा कोरड्या राहतात. तीच भिंत गादीने भरली की बाहेरची बाजू पूर्वीपेक्षा गार होते, आणि वाफ नेमकी तिथे अडून पाणी होते. पन्नास वर्षे टिकलेली चौकट चांगल्या हेतूने भरल्यावर काही हिवाळ्यांत कुजते ती अशी.

कापूस या बाबतीत मित्रही आहे आणि धोकाही. तो हवेतली ओल स्वतःत घेतो. ६५ टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी कापसात असते आणि तरी हाताला तो कोरडाच लागतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घनमीटरला वीस किलोची गादी साडेचौदा सेंटीमीटर जाड असेल तर दर चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास तंतू आले. नुसत्या कापसाचा हिशोब धरला तर दोनशे ग्रॅमहून थोडे जास्त पाणी त्यात निमूट सामावते. शनिवारच्या आंघोळींची वाफ तो घेतो आणि नंतर हळूहळू सोडतो. काचेच्या तंतूला हे जमत नाही, आणि लाकडाशेजारी कापूस बसवावासा वाटतो तो यासाठी. पण सोडायला वाट हवी. सुटीच्या घरात रविवारी शेगडी विझते, दार बंद होते, भिंत गार पडते, आणि आत शिरलेली ओल पुढच्या खेपेपर्यंत तिथेच राहते. रोज राहत्या घराला मिळणारी वाळण्याची संधी या घराला मिळत नाही. म्हणून आतल्या बाजूला वाफ अडवणारा पडदा, त्याचे सगळे सांधे पट्टीने बंद. बाहेरच्या बाजूला पाऊस अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा. त्याच्यापुढे किमान दोन सेंटीमीटरची हवेशीर फट आणि मग फळ्या. ठोकताळा असा की भिंतीची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा वाफेला निदान पाचपट मोकळी असावी. आर्द्रतेनुसार कमी-जास्त मोकळे होणारे पडदेही मिळतात; बंद-उघड होत राहणाऱ्या घराला ते जास्त मानवतात असे माझे मत आहे. आणि पडद्यापेक्षाही काळजी घ्यावी ती दिव्याच्या बटणाच्या डब्यामागच्या भोकाची. वाफ पडद्यातून झिरपते त्याच्या कितीतरी पट ती हवेबरोबर अशा भोकांतून थेट भिंतीत शिरते.

आगीविषयी लोक पहिल्यांदा विचारतात, आणि विचारायलाच हवे. कापूस जळतो. म्हणून या गाद्यांवर आग, बुरशी आणि किडे यांविरुद्ध क्षारांची प्रक्रिया केलेली असते. कोणते क्षार, हे विकत घेताना पाहावे. जुन्या वर्तमानपत्रांपासून केलेल्या इन्सुलेशनमध्ये फ्रान्समध्ये बोरॉनच्या क्षारांऐवजी अमोनियमचे क्षार आले, तेव्हा काही घरांत अमोनियाचा उग्र वास सुटला आणि २०१३मध्ये तशा मालावर बंदी आली. शेगडीच्या धुराड्याभोवती तर कापसाची गादी अजिबात न्यायची नाही; नियमाने ठरलेले अंतर मोकळे ठेवून तिथे न जळणारेच सामान घालायचे. कसर लोकर खाते, सुती तंतूला तिला फारसे स्वारस्य नसते. उंदीर मात्र कशातही घर करतात, तेव्हा खालच्या फटीला बारीक जाळी ठोकावी.

चिंध्यांच्या गादीचे गुण सांगताना तिचे उणेही सांगितले पाहिजे. काचलोकरीपेक्षा ती महाग पडते. हलकी असल्यामुळे उन्हाळ्यात पत्र्याखालून उतरणारी धग ती फार वेळ थोपवून धरत नाही. माळ्यावर झोपायची खोली असेल तर तिथे लाकडाच्या लगद्याचे जड पट्टे सरस ठरतात. आणि त्या पॉलिएस्टरमुळे ती शेवटी मातीत मिसळत नाही. जुन्या कपड्यांपासून झाली एवढ्यावर ती सर्वगुणसंपन्न ठरत नाही. फटी ठेवून, पडदा फाटका ठेवून भरलेली पुनर्वापराची गादी नीट भरलेल्या काचलोकरीपेक्षा वाईटच.

मराठी वाचकांपैकी कोणाच्या मनात महाबळेश्वरला किंवा कोकणात लाकडी घर असेल, तर त्यांच्यासाठी एक सावधगिरी. या पुस्तकातल्या भिंतीचे थर तसेच्या तसे उचलू नयेत. वोझमध्ये वाफ हिवाळ्यात आतून बाहेर जाते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, महिनोन्महिने बाहेरची हवा ओलीचिंब असते. त्यात आत एसी लावला तर वाफेचा प्रवास उलटा, बाहेरून आत. पडद्याची जागाही मग उलटते. शिवाय वाळवी: तिला लाकूड आणि कापूस दोन्ही प्रिय. तिथे आधी छताची पसरती वळचण, जमिनीपासून उचललेले जोते आणि भिंतीतून खेळती हवा यांचा विचार करावा. गादीचा प्रश्न त्यानंतरचा.

पुढच्या प्रकरणांचा क्रम उष्णता कुठून जाते त्यावर लावला आहे. आदेम या फ्रेंच सरकारी ऊर्जासंस्थेच्या मते १९७४पूर्वीच्या इन्सुलेशन नसलेल्या घरातून २५ ते ३० टक्के उष्णता छतातून जाते, २० ते २५ टक्के भिंतींतून, तितकीच हवेच्या अदलाबदलीतून आणि फटींतून, १० ते १५ टक्के खिडक्यांतून आणि ७ ते १० टक्के जमिनीतून. म्हणून पहिले प्रकरण छताचे. ज्यांच्याकडे पैसे एकाच कामापुरते आहेत त्यांनी तेवढेच वाचून कामाला लागावे. दुसरे फटींचे, कारण त्यांना पैसे कमी आणि चिकाटी जास्त लागते. भिंती तिसऱ्या, जमीन चौथी. खिडक्यांना स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही, त्या भिंतींबरोबरच येतात. शेवटच्या प्रकरणात घर बंद करून निघतानाची कामे आहेत: नळांतले पाणी काढणे, झोपायच्या गाद्या आणि कपाटे भिंतीपासून हातभर सरकवणे, न्हाणीघराचा झरोका उघडा ठेवणे, आणि शेगडी विझण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे सताड उघडून दोन दिवसांची वाफ बाहेर काढणे.